शिक्षेचं लाकूड पूजेत कसं आलं?

महाड-पोलादपूरच्या माणसाला क्रूस अनोळखी नाही. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला गेलं की तिथल्या एका चर्चचं नावच 'होली क्रॉस' आहे. अलिबागेकडे उतरलं की रेवदंडा-कोर्लईला पोर्तुगीजांच्या वेळच्या चर्चचे अवशेष आहेत. आणि या दोन तालुक्यांतलं कोणतं घर असं आहे की ज्यातलं एक तरी माणूस मुंबईला नाही? गिरगाव, माझगाव, वांद्रे इथल्या गल्ल्यांच्या तोंडाशी हार घातलेले दगडी क्रूस या चाकरमान्यांनी रोज पाहिलेले असतात. पण आपल्याकडे ख्रिस्ती घरं तुरळक. विचारायचं कोणाला? त्यामुळे प्रश्न मनात राहतो. तो साधारण असा असतो: ज्या लाकडावर यांच्या देवाला मारलं, तेच लाकूड हे लोक गळ्यात कसं घालतात? फाशीचा दोर कोणी चौकटीत बसवून देव्हाऱ्यावर लावतं का?

प्रश्न उद्धट वाटला तरी तो अगदी रास्त आहे. ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या तीनशे वर्षांत रोमी साम्राज्यातल्या शहाण्यासुरत्या लोकांनी नेमका हाच प्रश्न विचारला होता, तोही बराच कुत्सितपणे. त्याचं उत्तर समजून घ्यायचं तर आधी घटना, मग तिचा अर्थ, आणि मग तो अर्थ आपल्या मुलखात कसा पोहोचला, या क्रमाने जाऊ.

१. घडलं काय?

इ.स. ३० च्या आसपास जेरुसलेम शहराबाहेर रोमी शिपायांनी नासरेथच्या येशूला खांबावर खिळून मारलं. त्या प्रांताचा रोमी अधिकारी होता पंतय पिलात. तो इ.स. २६ ते ३६ अशी दहा वर्षं त्या जागेवर होता. ही गोष्ट केवळ ख्रिस्ती ग्रंथांतच आहे असं नाही. रोमी इतिहासकार टॅसिटस याला ख्रिस्ती लोकांबद्दल काडीचंही प्रेम नव्हतं. त्यानेही पुढच्या शतकात लिहिताना पिलाताच्या हुकुमाने झालेल्या या देहदंडाची नोंद केली आहे.

आरोप राजद्रोहाचा होता. क्रुसाच्या चित्रात डोक्यावर एक छोटी पाटी दिसते आणि तिच्यावर आय, एन, आर, आय ही चार रोमन अक्षरं असतात. 'नासरेथकर येशू, यहुद्यांचा राजा' या लॅटिन शब्दांची ती आद्याक्षरं. गुन्हेगाराचा गुन्हा लिहून लावायची पद्धत होती, म्हणून ही पाटी. रोमी सत्तेच्या लेखी तिथे दुसऱ्या कोणी स्वतःला राजा म्हणवणं हा गुन्हा होता.

येशूला पिलातापुढे उभं करण्यात जेरुसलेमच्या धर्माधिकाऱ्यांचा हात होता, असं शुभवर्तमानं सांगतात. शुभवर्तमानं म्हणजे येशूच्या चरित्राची चार पुस्तकं. या एका गोष्टीवरून युरोपात शतकानुशतकं सगळ्या यहुदी लोकांना ख्रिस्ताचे मारेकरी ठरवून छळलं गेलं. हे निव्वळ पाप होतं. येशू स्वतः यहुदी, त्याची आई यहुदी, त्याचे पहिले शिष्य यहुदी, आणि शिक्षा मात्र रोमी. १९६५ मध्ये कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने हा सरसकट आरोप अधिकृतपणे नाकारला. रायगड जिल्ह्यात बेने इस्रायल यहुदी, म्हणजे आपले शनवार तेली, कित्येक पिढ्या शेजारी म्हणून नांदले. त्यांच्याकडे पाहणाऱ्याला असला आरोप किती पोकळ आहे हे वेगळं सांगायला नको.

२. लाज वाटावी असं मरण

रोमी कायद्यात देहदंडाचे बरेच प्रकार होते. त्यांत खांबावर खिळणं सर्वांत हीन समजलं जाई. रोमी नागरिकाला सहसा ही शिक्षा देत नसत. ती गुलामांसाठी, बंडखोरांसाठी आणि जिंकलेल्या मुलखातल्या रयतेसाठी राखून ठेवलेली होती. इ.स.पू. ७१ मध्ये स्पार्टाकसच्या गुलामांचं बंड मोडल्यावर सुमारे ६,००० गुलामांना कापुआ ते रोम या हमरस्त्यावर ओळीने खांबांवर चढवलं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्याने पाहावं आणि धडा घ्यावा, हा हेतू. माणसाला आधी फटके मारत, आडवा वासा त्याच्याच खांद्यावर देऊन गावाबाहेर चालवत नेत, कपडे काढून घेत आणि वर चढवत. मरायला तास लागत, कधी दिवसही.

१९६८ मध्ये जेरुसलेमजवळ एका थडग्यात टाचेचं हाड सापडलं. त्यात लोखंडी खिळा तसाच अडकलेला होता. त्याच काळात खांबावर मारलेल्या कुणा यहुदी तरुणाचं ते हाड. ही शिक्षा कशी होती, याचा इतका उघड पुरावा दुसरा क्वचितच मिळतो.

आता विचार करा. अशा रीतीने मेलेल्या माणसाला 'प्रभू' म्हणायचं! यहुदी धर्मशास्त्रात तर लाकडावर टांगलेला माणूस शापित मानलेला. संत पौल हा पहिल्या शतकातला मोठा प्रचारक. त्याने आपल्या पत्रात मोकळेपणाने कबूल केलं आहे की क्रुसाची गोष्ट यहुद्यांना अडखळायला लावते आणि ग्रीकांना मूर्खपणाची वाटते. रोममध्ये पॅलेटाइन टेकडीवर एका भिंतीवर ओरखडून काढलेलं जुनं चित्र सापडलं आहे. खांबावर गाढवाच्या डोक्याचा माणूस, खाली हात वर केलेला एक जण, आणि शेजारी ग्रीकमध्ये मजकूर की अलेक्सामेनोस आपल्या देवाची पूजा करतोय. क्रुसावरच्या येशूचं हे आपल्याला माहीत असलेल्या सर्वांत जुन्या चित्रांपैकी एक, आणि ते टवाळीचं आहे.

त्यामुळे पहिल्या काही शतकांतल्या ख्रिस्ती लोकांनी आपल्या खुणा म्हणून मासा, जहाजाचा नांगर, खांद्यावर मेंढरू घेतलेला मेंढपाळ अशी चित्रं वापरली. क्रूस उघडपणे मिरवायला सुरुवात झाली ती चौथ्या शतकात. सम्राट कॉन्स्टंटाइनने ३१२ मध्ये रोमजवळची लढाई जिंकली, ख्रिस्ती धर्माला राजाश्रय दिला, आणि खांबावर खिळण्याची शिक्षा त्याच्याच काळात बंद झाली असं जुने लेखक सांगतात. रोमच्या सांता सबिना चर्चच्या लाकडी दारावर क्रुसावरच्या येशूचं कोरीवकाम आहे, ते सुमारे ४३० चं. म्हणजे येशूच्या मरणानंतर चारशे वर्षांनी. हमरस्त्यावर लटकणारी माणसं ज्यांनी डोळ्यांनी पाहिली होती, त्यांना ती खूण गळ्यात घालवली नसती. ते खांब दिसेनासे झाले तेव्हाच क्रूस दागिना होऊ शकला.

३. 'आमच्यासाठी' म्हणजे काय?

३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपल इथे भरलेल्या परिषदेच्या नावाने ओळखलं जाणारं श्रद्धावचन आजही जगभरच्या चर्चमध्ये म्हटलं जातं. त्यात येशूला पिलाताच्या काळात आमच्यासाठी क्रुसावर दिलं, असा आशय आहे. सगळं ख्रिस्ती तत्त्वज्ञान या 'आमच्यासाठी'भोवती फिरतं. एका माणसाच्या मरणाचा दुसऱ्याला काय उपयोग?

हे कळायला दोन गोष्टी आधी समजून घ्याव्या लागतात. पहिली, पाप. ख्रिस्ती विचारात पाप म्हणजे नुसती वाईट कृत्यांची यादी नाही. देवापासून तुटलेपण हा त्याचा गाभा. माणूस खोटं बोलतो, लुबाडतो, मारतो, ही त्या तुटलेपणाची लक्षणं. आणि हे तुटलेलं नातं माणूस स्वतःच्या बळावर जोडू शकत नाही, असं हा धर्म मानतो. तप, दान, पुण्य यांची शिडी लावून वर चढता येत नाही. वरच्यानेच खाली उतरलं पाहिजे.

दुसरी गोष्ट, कोकरू. यहुदी लोक वल्हांडण नावाचा सण पाळतात. आपल्याकडचे बेने इस्रायलही पाळत आले. त्यांचे पूर्वज मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, गुलाम होते. सुटकेच्या रात्री प्रत्येक घराने कोकरू मारून त्याचं रक्त दाराच्या चौकटीला लावलं आणि ती घरं मृत्यूपासून वाचली, अशी त्यामागची कथा. येशूला मारलं ते याच सणाच्या दिवसांत. त्याच्या यहुदी शिष्यांना साहजिकच वाटलं की हेच नवं कोकरू आणि हीच नवी सुटका. बळीची भाषा त्यांना बाहेरून आणावी लागली नाही. ती त्यांच्या घरातलीच होती.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण ती सुटली तर पुढचं सगळं लंगडं पडतं. ख्रिस्ती श्रद्धेत गोष्ट शुक्रवारी संपत नाही. तिसऱ्या दिवशी, रविवारी, येशू मेलेल्यांतून उठला असं ते मानतात. तो उठला नसता तर क्रूस म्हणजे एका भल्या माणसाची हत्या, एवढंच उरलं असतं.

४. दामाजीपंतांचं देणं आणि हे देणं

आता मराठी माणसाची खरी अडचण. 'करावं तसं भरावं' हे आपल्या रक्तात आहे. कर्म माझं, फळ माझं. माझ्या वाटणीची फेड दुसऱ्याने कशी करायची? देवाने तरी का करायची?

पोलादपूर तालुका वारकऱ्यांचा. इथल्या कीर्तनांत दामाजीपंतांचं आख्यान ऐकलं नाही असा माणूस शोधावा लागेल. मंगळवेढ्याला दुष्काळ पडला, दामाजीपंतांनी बादशहाचं धान्याचं कोठार उपाशी लोकांना खुलं केलं, बेदरहून पकडायला माणसं निघाली. आणि इकडे पांडुरंग विठू महाराचं रूप घेऊन बेदरच्या दरबारात गेला, सगळी रक्कम मोजून दिली, पावती घेतली. हे आख्यान ऐकताना कोणीही 'करावं तसं भरावं' म्हणून उठून जात नाही. उलट डोळे पुसतात. म्हणजे देव भक्ताचं देणं फेडतो ही कल्पना आपल्याला परकी नाही. कर्मसिद्धांताच्या शेजारीच ती आपल्या घरात सुखाने नांदते.

(जाता जाता एक. कीर्तनात विठू महार साऱ्या गावाला चालत होता. त्याच जातीच्या माणसांना महाडच्या चवदार तळ्याचं पाणी घ्यायला मात्र २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकरांच्या मागून जावं लागलं.)

पण दामाजीची गोष्ट आणि क्रुसाची गोष्ट एकच, असं म्हणून मोकळं होणं हा आळस होईल. फरक मोठे आहेत. दामाजीपंत सज्जन होते, त्यांचं देणं पुण्याच्या कामातून झालं होतं. क्रुसाच्या गोष्टीत देणेकरी खरोखर दोषी आहे. दामाजीचं देणं बादशहाचं होतं, इथे देणं देवाचंच आहे. आणि पांडुरंगाने मोहरा मोजल्या, स्वतःला ओरखडाही लागू दिला नाही. येशूच्या गोष्टीत फेड जिवाने होते.

यातला मधला फरक सगळ्यांना अडतो. देणं देवाचं, फेडणाराही देवच, मग हा हिशोब कोणाशी? सरळ माफ करून टाकायचं होतं, कोणाला मारायची काय गरज?

एक उदाहरण घेऊ. एका माणसाने आपल्या शेजाऱ्याला ५०,००० रुपये हातउसने दिले. शेजाऱ्याने ते बुडवले. देणारा मोठ्या मनाने म्हणाला, "जाऊ दे, माफ केलं." आता हे ५०,००० रुपये गेले कुठे? शेजाऱ्याच्या डोक्यावरून उतरले, पण हवेत विरले नाहीत. माफ करणाऱ्याच्या खिशातून ते कायमचे गेले. म्हणजे फुकट माफी अशी नसतेच. जो माफ करतो त्याच्या अंगावर तोटा येतो. पैशाच्या जागी आता विश्वासघात, मारहाण, खून ठेवा, आणि तोटा किती वाढतो ते पाहा. क्रुसाबद्दल ख्रिस्ती धर्माचं म्हणणं थोडक्यात हे आहे: देवाने माफ केलं आणि त्या माफीचा तोटा स्वतःच्या अंगावर घेतला. क्रूस म्हणजे तो तोटा डोळ्यांना दिसला ती जागा.

इथे 'देवाने रागाच्या भरात आपल्या मुलाला मारलं' हा आक्षेपही जातो, निदान सौम्य होतो. ख्रिस्ती मतानुसार येशू म्हणजे देवाने पकडून आणलेला कोणी तिऱ्हाईत नाही. तो पूर्ण माणूस आहे आणि पूर्ण देवही. मारणारा एक देव आणि मरणारा दुसरा, असं चित्र काढलं की सगळंच बिघडतं. दुर्दैवाने कित्येक प्रचारकांनी आणि प्रचारपत्रकांनी तेच चित्र काढलं, आणि आपल्याकडचे निम्मे गैरसमज तिथून आले, असं माझं स्पष्ट मत आहे.

५. उत्तर एकच नाही

बाहेरच्या वाचकाला आश्चर्य वाटेल, पण क्रूस नेमका 'कसा' काम करतो याचं एकच स्पष्टीकरण त्या श्रद्धावचनाने सर्वांवर लादलेलं नाही. 'आमच्यासाठी' एवढं सांगून ते थांबतं. मग दोन हजार वर्षं विद्वान आपापल्या काळाप्रमाणे सांगत राहिले. जुन्या काळी गुलाम आणि युद्धकैदी खंडणी भरून सोडवत, म्हणून तेव्हाचे आचार्य म्हणाले की ही सैतानाच्या तावडीतून सोडवण्याची खंडणी, किंवा मरणावर मिळवलेला विजय. १०९८ मध्ये कँटरबरीचा आर्चबिशप अँसेल्म याने सरंजामी जगाच्या भाषेत मांडलं की माणसाने देवाचा मान मोडला, त्याची भरपाई माणसानेच करायला हवी, पण ती करण्याची ऐपत फक्त देवाची, म्हणून देव-माणूस. सोळाव्या शतकातल्या प्रॉटेस्टंट सुधारकांनी, विशेषतः कॅल्व्हिनने, न्यायालयाची भाषा आणली: शिक्षा आम्हाला व्हायची होती, ती त्याने भोगली. आणि बाराव्या शतकातला फ्रेंच विचारवंत अबेलार म्हणाला की क्रूस पाहून माणसाचं काळीज पाझरतं आणि तो बदलतो, यात त्याचं बळ आहे.

गांधीजी या शेवटच्या अर्थाच्या जवळचे. डिसेंबर १९३१ मध्ये रोमला व्हॅटिकनमधली क्रुसावरच्या येशूची मूर्ती पाहून ते हेलावले होते. पण येशूच्या मरणाने दुसऱ्याची पापं फिटतात, हे त्यांनी कधीच मान्य केलं नाही. आत्मकथेतही त्यांनी ते स्पष्ट लिहिलं आहे. त्यांच्या दृष्टीने क्रूस म्हणजे त्यागाचा धडा.

६. सावित्रीच्या मुखाशी

आता हा क्रूस आपल्या मुलखात कसा पोहोचला ते पाहू. महाबळेश्वरला उगम पावून पोलादपूर, महाड करत सावित्री जिथे समुद्राला मिळते, तिथे बाणकोट. एके काळी बाणकोटहून गलबतं खाडीने दासगाव-महाडपर्यंत यायची. १८२३ मध्ये स्कॉटिश मिशनरी सोसायटीने पश्चिम भारतातलं आपलं काम याच बाणकोटला सुरू केलं. पहिले उपदेशक डोनाल्ड मिचेल त्याच वर्षी वारले. मागून आलेल्यांनी बाणकोट आणि हर्णैला शाळा काढल्या. ज्यांच्या नावाचं विल्सन कॉलेज मुंबईला आहे, ते जॉन विल्सन १८२९ मध्ये आले तेव्हा मराठी शिकायला आधी याच किनाऱ्यावर राहिले.

क्रूस त्याआधीही कोकणात आला होता, पण तो पोर्तुगीज तलवारीच्या शेजारी उभा राहून. गोव्यातलं इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, १५६० ते १८१२ पर्यंत, मधली थोडी वर्षं सोडता, चाललं. स्वतः छळ सोसून मेलेल्याची खूण छळ करणाऱ्यांच्या हातात गेली, याहून मोठा विपर्यास नाही. त्याच गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मगुरूने सुमारे ११,००० ओव्यांचं 'ख्रिस्तपुराण' मराठीत रचलं आणि १६१६ मध्ये ते छापलं, हीही त्या काळाचीच गोष्ट. येशूचं दुःखसहन आपल्या ओवीत तेव्हाच येऊन गेलं.

नंतरच्या मिशनऱ्यांकडे तलवार नव्हती, पण वादाची खुमखुमी होती. तिला सव्वाशेर भेटला तो आपल्या शेजारचाच. माणगाव तालुक्यातल्या शिरवली गावी १८२५ मध्ये जन्मलेले विष्णु भिकाजी गोखले, म्हणजे विष्णुबुवा ब्रह्मचारी. १८५७ च्या जानेवारीपासून काही महिने मुंबईच्या समुद्रकिनारी त्यांनी मिशनऱ्यांशी जाहीर वाद घातला. समोर जॉर्ज बोवेनसारखे अमेरिकन मिशनरी. या सभांचा वृत्तांत 'समुद्रकिनारीचा वादविवाद' या नावाने पुस्तकरूपात आला. धर्माची चर्चा खुल्या वाळूवर, हजारो श्रोत्यांसमोर, कोणाचंही डोकं न फुटता होऊ शकते, हे त्या सभांनी दाखवलं. आज ते साधेल का, याची मला शंका आहे.

बाणकोटच्या त्या पहिल्या मंडळींपैकी जेम्स मिचेल पुढे पुण्याला गेले. पुण्यातल्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेला एक विद्यार्थी म्हणजे जोतीराव फुले. जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत. पण १८७३ च्या 'गुलामगिरी'त त्यांनी येशूला बळीराजाच्या पंक्तीत बसवलं. दीनांची बाजू घेतली म्हणून सत्ताधाऱ्यांनी ज्याला मारलं, असा राजा. क्रूस ही गुलामांची शिक्षा होती, हे युरोपातल्या सोन्याच्या क्रुसांखाली दबून गेलेलं सत्य जोतीरावांना बरोबर दिसलं. माझ्या मते मराठीत क्रुसाचा इतका मुळाला भिडणारा अर्थ दुसऱ्या कोणी लावला नाही, आणि तो लावणारा चर्चच्या बाहेरचा होता.

चर्चच्या आतून तितक्याच ताकदीने बोलले ते नारायण वामन टिळक. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा जन्म, १८९५ मध्ये बाप्तिस्मा. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. न्यायालय, दंड, भरपाई ही मिशनरी भाषा त्यांनी बाजूला सारली आणि अभंगात येशूला माउली, गुरू, सखा म्हटलं. त्यांनी सुरू केलेलं 'ख्रिस्तायन' हे काव्य त्यांच्या मागे पत्नी लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं. क्रूस मराठी माणसाला भक्तीच्या वाटेनेच उमगेल, हिशोबाच्या नव्हे, हे टिळकांना कळलं होतं.

तरी एक बाजू राहतेच. धर्मांतर करूनही जात सुटली नाही, चर्चमध्येही वेगळ्या रांगा राहिल्या. डॉ. आंबेडकरांनी भारतीय ख्रिस्ती समाजावर याबद्दल कठोर टीका केली. १९५६ मध्ये त्यांनी बुद्धाची वाट धरली, आणि महाड-पोलादपूरच्या त्यांच्या अनुयायांनीही. दुःख दुसरा कोणी येऊन दूर करील, या कल्पनेलाच त्या वाटेवर जागा नाही.

७. दिसतं त्याचा अर्थ

काही बारीकसारीक प्रश्न उरतात. एखाद्या चर्चमध्ये क्रुसावर येशूची मूर्ती असते, दुसऱ्यात नुसताच लाकडी क्रूस, असं का? मूर्ती असलेला बहुधा कॅथलिकांचा. येशूने सोसलेलं दुःख डोळ्यांसमोर राहावं म्हणून. रिकामा क्रूस बहुतेक प्रॉटेस्टंट पंथांचा. तो उठला, आता क्रुसावर नाही, हे सांगण्यासाठी. क्रूस, वधस्तंभ, खुरीस ही तिन्ही नावं एकाच वस्तूची. पहिलं सगळीकडे चालतं, दुसरं मराठी बायबल वाचणाऱ्या प्रॉटेस्टंटांत, तिसरं मुंबईच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती वाड्यांत आणि गोव्यात.

मुंबईच्या गल्ल्यांतले बरेचसे क्रूस १८९६ मध्ये सुरू झालेल्या प्लेगच्या साथीतले आहेत. साथ टळावी म्हणून, किंवा टळली म्हणून, वाडीने मिळून उभारलेले. मे महिन्यात तिथे संध्याकाळी शेजारी जमून प्रार्थना म्हणतात, शेवटी उकडलेले चणे वाटतात. आणि दवाखान्यावरचा लाल क्रूस? त्याचा धर्माशी थेट संबंध नाही. १८६४ च्या जिनिव्हा करारात स्विस झेंड्याचे रंग उलटे करून ती खूण ठरली.

८. शुक्रवारी काय म्हणायचं?

येशूच्या मरणाचा दिवस म्हणजे गुड फ्रायडे, मराठीत उत्तम शुक्रवार किंवा शुभ शुक्रवार. चंद्राच्या हिशोबाने तो २० मार्च ते २३ एप्रिल यांच्या दरम्यान कधीही येतो. त्याआधीचे चाळीस दिवस उपवासकाळ. पुष्कळ कॅथलिक घरांत तेव्हा मटणाचे बेत कमी करतात, लग्नं पुढे ढकलतात. शुक्रवारी कॅथलिक चर्चमध्ये नेहमीची मिस्सा, म्हणजे भाकर-द्राक्षरसाचा विधी, होत नाही, घंटा वाजत नाही. लोक रांगेने पुढे जाऊन क्रुसाचं चुंबन घेतात. क्रुसाच्या वाटेच्या चौदा मुक्कामांवर थांबत प्रार्थना म्हणतात. प्रॉटेस्टंट चर्चमध्ये बहुधा दुपारी बारा ते तीन उपासना चालते आणि क्रुसावरून येशूने काढलेल्या सात उद्गारांवर प्रवचनं होतात. त्यांतल्या एका उद्गारात तो मारणाऱ्यांसाठीच क्षमा मागतो. दुसऱ्यात, देवा, मला का सोडलंस, असं विचारतो. ख्रिस्ती माणसाला हा दुसरा उद्गारही तितकाच जवळचा वाटतो, कारण संकटात त्याच्याही तोंडून तोच निघतो.

या दोन्ही उपासनांना बाहेरच्या माणसाने मागच्या बाकावर बसायला सहसा कोणाची हरकत नसते. मुंबईत असाल तर एकदा जाऊन या. फक्त त्या दिवशी आपल्या गावच्या व्हॉट्सअॅप गटावर 'हॅपी गुड फ्रायडे' लिहून फुलांचं चित्र टाकू नका. तो सुतकाचा दिवस आहे. शुभेच्छा द्यायच्याच असतील तर दोन दिवस थांबा आणि ईस्टरच्या, म्हणजे येशू उठल्याच्या, रविवारी द्या.